ॲनफिल्ड: क्लबाहून जुने असलेले मैदान

चौथा पंच

लिव्हरपूल फुटबॉल क्लबाविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, ते बहुतेक शँक्ली, पेझ्ली, डाल्ग्लिश हे प्रशिक्षक आणि युरोपीय चषक यांच्याभोवतीच फिरते. ते स्वाभाविकही आहे. परंतु क्लबाचे घरचे मैदान असलेल्या ॲनफिल्डचा इतिहास स्वतंत्रपणे वाचू लागलो तेव्हा असे लक्षात आले की तो मुळात जमिनीचा इतिहास आहे: जमीन कोणाची, तिचे भाडे किती, आणि कुंपणापलीकडे राहणाऱ्यांनी जावे कुठे. गोल, चषक आणि प्रशिक्षक हे सगळे त्यानंतरचे. या धाग्यात तेवढाच धागा धरून लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

ॲनफिल्डवर पहिला सामना झाला तो २८ सप्टेंबर १८८४ रोजी, आणि घरचा संघ होता एव्हर्टन, म्हणजे त्याच शहरातला दुसरा क्लब. प्रतिस्पर्धी अर्ल्सटाउन ५-० असा हरला. त्याआधी एव्हर्टनचा संघ स्टॅन्ली पार्क या सार्वजनिक बागेत आणि नंतर प्रायरी रोडवरील एका खासगी जागेत खेळत असे. पण प्रेक्षकांच्या गोंगाटाला कंटाळून तिथल्या मालकाने त्यांना जागा सोडायला सांगितली. तेव्हा क्लबाचे अध्यक्ष जॉन हौल्डिंग यांनी शब्द टाकून जॉन ऑरेल नावाच्या जमीनमालकाकडून ॲनफिल्ड रोडलगतची जागा भाड्याने मिळवून दिली. हौल्डिंग हे बिअर गाळण्याच्या धंद्यातले मोठे प्रस्थ होते आणि स्थानिक राजकारणातही त्यांचे वजन होते. खेळाडू कपडे बदलत ते जवळच्या सँडन हॉटेलात, आणि ते हॉटेल हौल्डिंग यांच्याच मालकीचे होते.

१८८५ मध्ये हौल्डिंग यांनी ती जमीन स्वतःच विकत घेतली, आणि इथून क्लबाचा अध्यक्ष हाच क्लबाचा घरमालकही झाला. एव्हर्टन १८८८ मध्ये फुटबॉल लीगचा संस्थापक सदस्य बनला, गर्दी वाढली, उत्पन्न वाढले, आणि त्याबरोबर भाडेही वाढत गेले: आरंभी वर्षाला १०० पौंड असलेले भाडे काही वर्षांतच २५० पौंडांपर्यंत पोहोचले. शिवाय मैदानावर आपल्याच कारखान्याची बिअर विकली जावी असा हौल्डिंग यांचा आग्रह होता. क्लबातील दुसऱ्या गटाचे नेते जॉर्ज माहन हे सेंट डोमिंगो चर्चचे ऑर्गनवादक. ज्या चर्चच्या मंडळीतून हा क्लब उभा राहिला त्याच परंपरेतले. एका बाजूला मद्याचा व्यापारी आणि दुसऱ्या बाजूला चर्चची मंडळी असे या भांडणाचे चित्र नेहमी रंगवले जाते. मला ते थोडे सोपे वाटते. खरा प्रश्न असा होता की वाढत्या गेटमनीवर (तिकिटांच्या उत्पन्नावर) हक्क कोणाचा: संघ चालवणाऱ्या सभासदांचा, की जमिनीच्या मालकाचा?

१८९१ मध्ये एव्हर्टनने याच मैदानावर खेळत लीग विजेतेपद मिळवले, आणि पुढच्याच वर्षी सभासदांनी बहुमताने ॲनफिल्ड सोडण्याचा निर्णय घेतला. स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे, मैलभराच्या आतच, त्यांनी गुडिसन पार्क उभारले. हौल्डिंग यांच्या हाती राहिले एक सुसज्ज मैदान, ज्यावर खेळायला संघच नव्हता. एव्हर्टन हे नाव स्वतःकडे ठेवण्याचा त्यांनी प्रयत्न केला. फुटबॉल असोसिएशनने तो मान्य केला नाही. मग १५ मार्च १८९२ रोजी त्यांनी नवा क्लब स्थापन केला आणि त्याला शहराचेच नाव दिले. रॉदरहॅम टाउनविरुद्ध १ सप्टेंबर १८९२ रोजी झालेला पहिला मैत्रीपूर्ण सामना या नव्या संघाने ७-१ असा जिंकला. त्या संघात स्कॉटिश खेळाडूंचाच भरणा होता आणि अंगावर निळे-पांढरे कपडे होते. लाल रंग आला तो १८९६ मध्ये.

म्हणजे क्लबासाठी मैदान बांधण्याची जी सर्वत्र रीत आहे, तिच्या नेमके उलट इथे घडले. रिकाम्या मैदानासाठी क्लब काढावा लागला.

१९०६ मध्ये लिव्हरपूलने दुसऱ्यांदा लीग जिंकली, तेव्हा मैदानाची मोठी पुनर्रचना झाली. आर्किबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याने मुख्य स्टँडचा आराखडा केला, आणि वॉल्टन ब्रेक रोडच्या बाजूला मातीचा व कोळशाच्या राखेचा उंच उतार रचून उभ्या प्रेक्षकांसाठी जागा तयार केली गेली. स्थानिक वृत्तपत्राचे क्रीडासंपादक अर्नेस्ट एडवर्ड्स यांनी त्या उताराला ‘स्पायन कॉप’ असे नाव सुचवले आणि ते (पुढे नुसते ‘कॉप’ म्हणून) रूढ झाले. दक्षिण आफ्रिकेतील ज्या टेकडीवरून हे नाव आले तिथे जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धातील एक अत्यंत रक्तरंजित लढाई झाली होती. रात्रीच्या धुक्यात टेकडी चढलेल्या ब्रिटिश तुकड्यांना खडकाळ जमिनीत पुरेसे खोल खंदक खणता आले नाहीत, आणि सकाळी धुके विरल्यावर आजूबाजूच्या उंचवट्यांवरून बोअर तोफांनी व बंदुकांनी त्यांना टिपले. मरणाऱ्यांत लँकेशायरच्या, म्हणजे लिव्हरपूल ज्या परगण्यात होते तिथल्या, पलटणींतील सैनिक पुष्कळ होते, त्यामुळे लिव्हरपूलकरांना ते नाव परके नव्हते.

१९२८ मध्ये या उताराचा विस्तार होऊन त्यावर छप्पर आले आणि एकट्या कॉपवर तीस हजारांच्या आसपास माणसे उभी राहू लागली. बाकीचे टप्पे पुढे चर्चेत येतीलच.

मृण्मयी_द

उत्तम धागा. स्पायन कॉपचा उल्लेख आला आहे तर एक गोष्ट भारतीय वाचकांसाठी नोंदवायलाच हवी: त्या लढाईच्या वेळी गांधीजी तिथे होते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातील हिंदी लोकांचे सुमारे ११०० जणांचे रुग्णवाहक पथक त्यांनी उभे केले होते. त्यात गिरमिटिया मजूर मोठ्या संख्येने होते. मुळात या पथकाने गोळीबाराच्या पल्ल्याबाहेरच काम करावे असे ठरले होते. परंतु स्पायन कॉपच्या वेळी परिस्थिती इतकी बिकट झाली की त्यांना पल्ल्याच्या आत जाऊन जखमींना आणावे लागले. डोल्यांवर माणूस घालून दिवसाला वीस-पंचवीस मैल चालावे लागल्याचे गांधीजींनीच आत्मकथेत लिहिले आहे. त्याच युद्धक्षेत्रात तरुण विन्स्टन चर्चिल वार्ताहर आणि अधिकारी अशा दुहेरी भूमिकेत होते, तर बोअरांचे नेतृत्व लुईस बोथा यांच्याकडे होते.

ॲनफिल्डच्या त्या स्टँडचे नाव घेताना आपल्याकडील किती चाहत्यांना हे ठाऊक असते, याची मला शंका आहे.

उजवी बगल

एक पुरवणी. ‘कॉप’ हे नाव सर्वप्रथम ॲनफिल्डलाच मिळाले असा सार्वत्रिक समज आहे, पण तो बरोबर नाही. वूलिच आर्सेनलच्या मॅनर ग्राउंडवरील उताराला १९०४ मध्येच एका पत्रकाराने स्पायन कॉपची उपमा दिली होती. आर्सेनलने १९१३ मध्ये हायबरीला स्थलांतर केले आणि ते मैदानच उरले नाही, म्हणून श्रेय लिव्हरपूलकडे गेले. पुढे इंग्लंडभर अनेक क्लबांनी आपापल्या उतारांना हेच नाव दिले. शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावरही कॉप आहे.

नाखवा

कॉपच्या कोपऱ्याशी जो उंच ध्वजस्तंभ आहे, त्याविषयी कोणी लिहील म्हणून वाट पाहत होतो. तो स्तंभ म्हणजे ‘ग्रेट ईस्टर्न’ या जहाजाच्या एका डोलकाठीचा वरचा भाग आहे.

इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी रचलेले आणि १८५८ मध्ये पाण्यात उतरलेले हे जहाज त्या काळातील जगातले सर्वांत मोठे जहाज होते. प्रवासी वाहतुकीत ते सपशेल तोट्यात गेले, पण समुद्राखालून तारायंत्राची केबल टाकण्याच्या कामी मात्र त्याच्या अवाढव्य पोटाचा उपयोग झाला. हजारो मैलांची केबल एकाच खेपेत मावेल असे दुसरे जहाज नव्हते. १८६६ मध्ये अटलांटिकपार केबल टाकल्यावर १८७० च्या आरंभी हे जहाज मुंबई बंदरात आले आणि इथून एडनपर्यंतची केबल त्याने टाकली. त्याच वर्षी जूनमध्ये पुढचे दुवे पूर्ण होऊन मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडली गेली. ज्या बातमीला पूर्वी कित्येक आठवडे लागत, ती काही तासांत पोहोचू लागली आणि मुंबईच्या कापूसबाजारातील व्यापारी लिव्हरपूलचा भाव जवळजवळ ताजा वाचू लागले. कापसामुळे या दोन शहरांचे नाते आधीपासून होतेच. या जहाजाने ते घट्ट केले.

अखेरच्या काळात लिव्हरपूलमधील एका मोठ्या दुकानाने जाहिरातीचा तरंगता फलक म्हणूनही ते वापरले. शेवटी मर्सी नदीच्या पलीकडच्या तीरावर, रॉक फेरी येथे ते मोडीत काढण्यात आले. डोलकाठीचा तुकडा नदी ओलांडून आणला गेला आणि घोड्यांच्या जोड्या लावून चढावरून ॲनफिल्डपर्यंत ओढत नेला गेला. तो अजूनही उभा आहे. ॲनफिल्डला जाणाऱ्या मराठी माणसांनी संग्रहालयातील चषकांबरोबर त्या खांबाचाही एक फोटो अवश्य काढावा, अशी माझी शिफारस आहे.

वाचनमात्र

नाखवा यांच्या प्रतिसादासाठी खास लॉगिन केले. बसण्याची व्यवस्था येण्यापूर्वीच्या कॉपवर प्रत्यक्ष काय स्थिती असे, याविषयी कोणी लिहू शकेल का? जुन्या चित्रफितींत ती गर्दी लाटेसारखी पुढेमागे सरकताना दिसते आणि ते दृश्य मोहक वाटते, पण आतला अनुभव तसाच असेल असे वाटत नाही.

चौथा पंच

आपली शंका रास्त आहे. उपलब्ध आठवणी वाचल्या तर मोह आणि हाल दोन्ही एकाच वाक्यात येतात. पायऱ्या अरुंद, मधूनमधून लोखंडी कठडे, आणि गोल झाला की मागच्यांच्या रेट्याने माणूस आपसूक दहा-बारा पायऱ्या खाली जाई. पुन्हा आपल्या जागी येणे हे नशिबावर. कोणी बेशुद्ध पडले तर त्याला डोक्यांवरून हातोहात खाली मैदानाच्या कडेपर्यंत पोहोचवले जाई. स्वच्छतागृहापर्यंत जाणे अशक्य असल्यामुळे लोक वर्तमानपत्राची सुरळी करून तिथल्या तिथे आपली सोय करीत, आणि पुढे उभा असणाऱ्याच्या पायाला अचानक ऊब जाणवे. थंडीच्या रात्री प्रकाशझोतांत कॉपवरून वाफ निघताना दिसे, तिला केवळ श्वास कारणीभूत नसत.

मुलांसाठी कॉपच्या वरच्या कोपऱ्यात जाळीने बंदिस्त केलेला एक वेगळा भाग होता. तिकीट स्वस्त, पण आतली दांडगाई अशी की तिथून निसटून मुख्य कॉपवर उडी मारणे हाच मुलांचा खरा खेळ असे.

प्रकाशझोतांचा विषय निघाला म्हणून सांगतो: ते ऑक्टोबर १९५७ मध्ये आले आणि त्यांच्या उजेडातील पहिला सामना झाला एव्हर्टनविरुद्धच. १९६३ मध्ये केम्लिन रोडच्या बाजूला नवा स्टँड आणि १९७३ मध्ये नूतनीकरण केलेला मुख्य स्टँड आला.

उजवी बगल

हाल आणि मोह यांविषयी बोलताना १५ एप्रिल १९८९ चा उल्लेख टाळता येणार नाही. दुर्घटना ॲनफिल्डवर घडली नाही. ती शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर, एफए चषकाच्या उपांत्य सामन्यात घडली. परंतु ॲनफिल्डचे आजचे रूप तिच्याशिवाय समजत नाही. कुंपण घातलेल्या कोंडाळ्यांत चिरडून लिव्हरपूलचे चाहते मरण पावले. आज अधिकृत संख्या ९७ आहे, आणि त्यातील शेवटचा मृत्यू त्या दिवशीच्या दुखापतींमुळे २०२१ मध्ये झाला. पुढच्या काही दिवसांत ॲनफिल्डचे दरवाजे उघडे ठेवण्यात आले आणि कॉपच्या टोकापासून फुले व स्कार्फ पसरत पसरत मध्यरेषेपर्यंत पोहोचले. चाहतेच बेशिस्त होते हा आरोप कुटुंबांनी सत्तावीस वर्षे झुंजून खोडून काढला. एप्रिल २०१६ मध्ये न्यायचौकशीच्या ज्यूरीने हे बेकायदा मनुष्यवधाचे बळी असल्याचा निर्णय दिला आणि चाहत्यांना निर्दोष ठरवले.

न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अंतिम अहवालानुसार वरच्या श्रेणीतील सर्व मैदानांवर सर्वांना बसायला आसने देणे बंधनकारक झाले. उभ्या कॉपचा शेवटचा दिवस ३० एप्रिल १९९४. नॉर्विचविरुद्धचा तो सामना लिव्हरपूलने ०-१ असा गमावला. नव्या कॉपमध्ये साधारण बारा हजार आसने बसली. पुढे २०२१ पासून सुरक्षितपणे उभे राहता यावे म्हणून कठडे असलेली आसने बसवण्यात आली, त्यामुळे वर्तुळ काहीसे उलटे फिरले आहे.

मृण्मयी_द

धागाकर्त्यांनी जमिनीचे सूत्र धरले आहे, तर कुंपणापलीकडच्यांबद्दलही लिहावे. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

चौथा पंच

त्याकडेच येत होतो.

केम्लिन रोडचा स्टँड दुमजली करायचा तर मागची घरे जायला हवी होती. क्लबाने एकेक घर विकत घेतले, पण दोन वृद्ध बहिणींनी आपले घर सोडायला नकार दिला. बाकीची ओळ पाडली गेली तरी त्यांचे एकटे घर वर्षानुवर्षे उभे होते आणि तोवर देशातील सर्वांत यशस्वी क्लबाला आपला आराखडा गुंडाळून ठेवावा लागला. १९९० मध्ये त्या राजी झाल्या आणि १९९२ मध्ये शताब्दी स्टँड उघडला. २०१७ मध्ये त्याला केनी डाल्ग्लिश यांचे नाव देण्यात आले. केम्लिन रोड हा रस्ता मात्र राहिला नाही.

या अनुभवातून क्लब जे शिकला, ते मला फारसे कौतुकास्पद वाटत नाही. पुढे मुख्य स्टँडच्या मागील लोथेर रोड आणि आसपासच्या गल्ल्यांत त्याने घरे विकत घेतली आणि त्यांतली कित्येक वर्षानुवर्षे रिकामी ठेवली. फळ्या ठोकलेल्या खिडक्या, ओल, चोऱ्या, जाळपोळ. शेजारचा माणूस कंटाळून निघून जाई आणि त्याच्या घराची किंमत तोवर कोसळलेली असे. दरम्यान मैदान इथे राहणार की नाही हेच ठरत नव्हते. २००२ मध्ये स्टॅन्ली पार्कमध्ये नवे स्टेडियम बांधण्याची योजना जाहीर झाली. २००७ मध्ये आलेल्या हिक्स आणि जिलेट या अमेरिकी मालकांनी साठ दिवसांत फावडे जमिनीत जाईल असे सांगितले. ते कधी गेलेच नाही. आर्थिक मंदी आली, कर्ज वाढले आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये क्लब पुन्हा विकला गेला. नव्या मालकांनी दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, ॲनफिल्डवरच राहून विस्तार करण्याचे जाहीर केले. दहा वर्षे एक आख्खी वस्ती अधांतरी राहिली होती.

डोंबिवलीकर_रेड

चौथा पंच, आपल्या टीकेत तथ्य आहे, पण चित्र एकांगी होऊ नये. त्या भागाची उतरंड गोदीतील रोजगार बुडाल्यापासून, म्हणजे क्लबाने घरे घ्यायला लागण्यापूर्वीच सुरू झाली होती. नगर परिषदेच्या आणि सरकारच्या पुनर्विकास योजनाही येऊन अर्धवट सोडल्या गेल्या. क्लब स्टॅन्ली पार्कमध्ये किंवा शहराबाहेर गेला असता तर ॲनफिल्डच्या उरल्यासुरल्या दुकानदारांचे काय झाले असते?

मुख्य स्टँडचे काम अभियांत्रिकीच्या दृष्टीनेही अभ्यासण्याजोगे आहे. जुना स्टँड वापरात ठेवून त्याच्या मागे नव्याचा पोलादी सांगाडा उभारला गेला आणि सामने चालूच राहिले. सप्टेंबर २०१६ मध्ये लेस्टरविरुद्धच्या सामन्याने तो खुला झाला आणि क्षमता सुमारे ४५,००० वरून ५४,००० वर गेली.

चौथा पंच

गोदीविषयीचे आपले म्हणणे मला मान्य आहे; उतरंडीचा आरंभ क्लबाने केला नाही. परंतु आपल्या लाभासाठी ती लांबवण्याची मुभा त्याला होती आणि त्याने ती घेतली. पुढे विस्तार झाला म्हणून आधी निघून गेलेल्यांचे नुकसान भरून निघत नाही. यावर आपले मतभेद राहिले तरी हरकत नाही.

वाचनमात्र

ॲनफिल्ड रोडच्या बाजूचा विस्तारही आता पूर्ण झाला ना? बांधकाम कंपनी बुडाल्याचे वाचल्याचे आठवते.

डोंबिवलीकर_रेड

होय. २०२१ मध्ये काम सुरू झाले आणि २०२३ च्या उन्हाळ्यात, हंगाम तोंडावर असताना, बकिंगहॅम ग्रुप ही कंत्राटदार कंपनी आर्थिक अडचणीत येऊन कोलमडली. दुसरी कंपनी नेमून काम पुढे नेण्यात आले. डिसेंबर २०२३ मध्ये वरचा मजला अंशतः उघडला आणि २०२४ मध्ये संपूर्ण क्षमता वापरात आली. आता मैदानाची क्षमता ६१,००० च्या थोडी वर आहे. गंमत अशी की २ फेब्रुवारी १९५२ रोजी वुल्व्ह्जविरुद्धच्या एफए चषक सामन्याला ६१,९०५ प्रेक्षक होते आणि तो विक्रम एवढ्या बांधकामानंतरही अबाधित आहे.

उजवी बगल

आणि एव्हर्टनचे काय झाले, हेही नोंदवून ठेवतो. १८९२ मध्ये भाड्यावरून बाहेर पडलेल्या त्या क्लबाने १३३ वर्षे गुडिसन पार्कवर काढली. पुरुष संघाचा तिथला शेवटचा सामना १८ मे २०२५ रोजी साउदॅम्प्टनविरुद्ध झाला आणि तो २-० असा जिंकून ते ब्रॅम्ली-मूर गोदीच्या जागी बांधलेल्या नव्या स्टेडियमवर गेले. गुडिसन पाडायचे होते, पण ते आता एव्हर्टनच्या महिला संघाचे घरचे मैदान झाले आहे.

२०२८ च्या युरो स्पर्धेचे सामने लिव्हरपूल शहरात होतील ते एव्हर्टनच्या या नव्या स्टेडियमवर. ॲनफिल्डचे पिच १०१ मीटर लांब आहे आणि युएफाला (युरोपीय फुटबॉल महासंघाला) अशा स्पर्धेसाठी १०५ मीटर लागते. चारही बाजूंना स्टँड आणि स्टँडांमागे रस्ते असल्यामुळे ते चार मीटर कुठून आणायचे, हा प्रश्न आहेच.